नव्वद थेंब

बरणीचं सील शाबूत होतं.

थेंबेकाकांनी ती बाहेर काढली होती केवळ पुसण्यासाठी. वर्षाच्या पहिल्या सोमवारी रसायनांचं कपाट रिकामं करायचं, फळ्या ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि बाटल्या जागच्या जागी लावायच्या, हा त्यांचा तेहतीस वर्षांचा नेम होता. हातात आली ती सोडियम हायड्रॉक्साइडची बरणी. झाकणाभोवतीची प्लास्टिकची पट्टी जशीच्या तशी. लेबलवर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात बरणी आल्याची तारीख होती, आठ महिन्यांपूर्वीची. 'उघडली' या शब्दापुढची जागा कोरी होती.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून बरणी डोळ्यांजवळ नेली. मग चष्मा पुन्हा नाकावर घेतला. बघण्यासारखं आणखी काही नव्हतं. शेजारच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या बरणीत मात्र तळाला जेमतेम बोटभर दाणे उरले होते.

आठ महिने ते जवळजवळ रोज अल्कली वापरत होते. ही बरणी उघडलीच नसेल, तर वापरली कुठली?

फडकं हातातच राहिलं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यांनी मागं वळून दुसऱ्या कुणाला शोधलं असतं. थेंबेकाका हे नाव कशावरून पडलं ते नवीन माणसाला पहिल्याच दिवशी समजे. पाण्यात क्षार विरघळवायचे, मीटरची काच त्यात बुडवायची आणि आम्लता हवी तिथं येईपर्यंत अल्कलीचा एकेक थेंब सोडायचा, हे त्यांचं काम. बाकीचे लोक पिचकारी मारल्यासारखी अल्कली ओतत, मग आकडा पुढं गेला म्हणून आम्ल ओतत. काका एक थेंब सोडत, कांडीनं ढवळत, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभे राहत आणि मगच दुसरा सोडत. "काकांना घाई करायला सांगणं म्हणजे भिंतीला चिमटा काढणं आहे," असं बाई म्हणत. आणि पाहुण्यांना अभिमानानं सांगत, "आमच्या द्रावणांवर मी डोळे मिटून विसंबते."

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. सहा वर्षांपूर्वी जुने सर निवृत्त झाले आणि त्या खोलीसकट, मीटरसकट आणि काकांसकट सगळं बाईंच्या हाती आलं.

जुन्या सरांचं काम पेशीच्या आतलं होतं. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, म्हणून आत भरायच्या द्रावणाला अल्कलीही पोटॅशियमचीच घालायची. सत्तावीस वर्षं काकांचा हात त्याच बरणीकडे गेला होता. बाईंचं सुरुवातीचं कामही त्याच धर्तीचं होतं. पण हे गेल्या आठ महिन्यांचं काम वेगळं होतं. यातलं द्रावण पेशीच्या बाहेर राहायचं होतं, आणि बाहेर पोटॅशियम अगदी नावापुरतं असतं. तिथं सोडियमची अल्कली हवी होती. बाईंनी कागदावर क्षारांची वजनं लिहून दिली होती आणि खाली फक्त 'अल्कलीनं पीएच जुळवा' एवढंच लिहिलं होतं. कोणत्या अल्कलीनं, ते लिहिण्याची गरज त्यांना वाटली नव्हती. विचारण्याची गरज काकांना वाटली नव्हती. नवी बरणी त्यांनीच मागवली होती, म्हणजे डोक्याला ठाऊक होतं. हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मीटरला काय, त्याला आम्ल आणि अल्कली कळते. सोडियमची की पोटॅशियमची, ते त्याला कळत नाही. सात पूर्णांक चार म्हटलं की सात पूर्णांक चार.

एरवी अशी चूक म्हणजे शरमेनं मान खाली घालायची, आठ महिन्यांची मेहनत वाया गेली म्हणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पण आज सोमवार होता आणि आज दुपारी तीन वाजता बाईंच्या धाकट्या बहिणीला सोड्याची, म्हणजे बायकार्बोनेटची, सलाईन लावायची होती.

हृदयाच्या पेशीला पोटॅशियमसाठी दारं असतात. ठोका पडला की ती उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी शांत होते आणि पुढच्या ठोक्याला तयार होते. पण दार उघडलं तरी काही वेळानं त्याला आपोआप कडी पडते. धाकटीच्या दारांमध्ये जन्मापासूनच एक खोट होती. त्यांना कडी फार लवकर पडे. पेशी शांत व्हायला वेळ लागे आणि मधेच कधी तरी हृदय ताल सोडून नुसतं थरथरत राही. त्यासाठी तिच्या छातीत एक यंत्र बसवलं होतं. ताल सुटला की ते आतून झटका देई. पूर्वी वर्षातून एखादा. मग मूत्रपिंडं थकली, रक्तात आम्ल साचू लागलं आणि गेल्या आठवड्यात तिला अकरा झटके बसले. अकराही वेळा ती शुद्धीवर होती.

बाईंनी धाकटीच्या दाराचा आराखडा बेडकाच्या अंड्यांत घातला. अंडी तशी दारं बनवू लागली. मग अंड्याभोवतीचं द्रावण कधी आम्लाकडे, कधी अल्कलीकडे नेऊन त्यांनी कडी पडायला किती वेळ लागतो ते मोजलं. आठ महिन्यांत उत्तर आलं, आणि ते लख्ख होतं. आम्ल वाढलं की कडी पटकन पडते, आम्ल उतरलं की दार बराच वेळ उघडं राहतं. म्हणजे धाकटीच्या रक्तातलं आम्ल सोडा देऊन उतरवलं, तर तिची दारं उघडी राहतील.

डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं होतं. सोडा दिला की रक्तातलं पोटॅशियमही खाली जातं आणि या आजारात ते उतरणं वाईट, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी आलेख त्यांच्यासमोर मांडले. मुख्य दोष आम्लाचा आहे, पोटॅशियम थोडं उतरलं तरी चालेल, असं पटवून दिलं. डॉक्टरांकडेही दुसरं काही उरलं नव्हतं. त्यांनी रुग्णालयाच्या समितीची परवानगी काढली.

काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. पुस्तकं वाचायची त्यांना लहानपणापासून खोड. शिक्षण बारावीपर्यंतच झालेलं, पण जुन्या सरांच्या कपाटातली पुस्तकं त्यांनी एकेक करून घरी नेऊन वाचली होती. त्यांतलं निम्मं समजलं आणि निम्मं समजलं असं वाटलं, असं ते स्वतःच म्हणत. पण एक गोष्ट त्यांना पक्की आठवत होती. दाराबाहेर पोटॅशियमची गर्दी असली की कडी पडायला जागाच मिळत नाही.

त्यांनी वही काढली. एक लीटर द्रावण साडेसहाच्या पीएचला आणायला वीसेक थेंब लागतात. सात पूर्णांक चारला आणायला नव्वद. सोडियमचे असते तर द्रावणातल्या सोडियमच्या समुद्रात ते कुणाच्या लेखी नव्हते. पण पोटॅशियमचे नव्वद थेंब म्हणजे बाहेरचं पोटॅशियम तिपटीनं वर. कमी आम्लाच्या प्रत्येक द्रावणात काकांनी स्वतःच्या हातानं जास्त पोटॅशियम घातलं होतं. दार उघडं राहत होतं ते आम्ल उतरलं म्हणून, की पोटॅशियम चढलं म्हणून?

आणि पोटॅशियमनंच उघडं राहत असेल, तर सोड्यानं ते खाली जाणार.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. काचेच्या पार्टिशनपलीकडे बाई कागद गोळा करत होत्या. उठून चार पावलं जायचं, एवढंच होतं. काका उठले आणि चार पावलं उलट्या दिशेनं, बर्नरकडे गेले.

'आधी खात्री करू,' असं त्यांनी स्वतःला बजावलं. आपण बारावी पास माणूस. गडबडीत काही तरी बरळलो आणि चुकीचं निघालं तर? कदाचित कपाटात आणखी एक सोडियमची बरणी असेल, ती संपली असेल, आपण फेकून दिली असेल आणि विसरलो असू. वय झालं आहे.

त्यांनी प्लॅटिनमची तार आम्लात धुतली, अल्कलीच्या थेंबबाटलीत बुडवली आणि ज्योतीत धरली. सोडियम असेल तर ज्योत भडक पिवळी होते, लांबूनही ओळखू येते. काका पिवळ्याची वाट बघत उभे राहिले. जन्मात त्यांनी कशाची एवढी वाट बघितली नव्हती. ज्योत फिकट जांभळी झाली, पोटॅशियमची. त्यांनी तार पुन्हा धुतली, पुन्हा बुडवली. पुन्हा जांभळी. तिसऱ्यांदा खोलीचा दिवा मालवला, पडदा ओढला. अंधारात ते जांभळं इतकं सुंदर दिसत होतं की त्यांना रडू कोसळायचं बाकी राहिलं.

पडदा उघडला तेव्हा पार्टिशनपलीकडची खुर्ची रिकामी होती. बाई रुग्णालयात गेल्या होत्या.

फोन लावला. बंद. अतिदक्षता विभागात फोन बंद ठेवावा लागतो हे त्यांना माहीत होतं, तरी सहा वेळा लावला. संदेश टाकायला घेतला, 'बाई, जरा बोलायचं होतं' एवढं लिहिलं आणि पुसलं. जरा! मग त्यांनी टॅक्सी केली. टॅक्सीत बसल्यावर बायकोला फोन लावला, कारण दुसऱ्या कुणाला लावायचा हेच सुचेना.

"अहो, आत्ता? डबा विसरला की काय?"

"माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. काकांनी जमेल तसं सांगितलं. सांगताना सगळं इतकं क्षुल्लक वाटत होतं. या बाटलीऐवजी ती बाटली.

"भाजीत मीठ दोनदा पडलं तर चार दिवस ऐकवता मला," बायको म्हणाली. तिचा आवाज मात्र थट्टेचा नव्हता. "बाईंना सांगितलंत?"

"निघालो आहे. पण मनात येतं, माझं चुकत असेल तर? धाकटीचा एकच आधार आहे गं हा. तो मी जाऊन काढून घ्यायचा, आणि तोही माझ्या अर्धवट ज्ञानावर?"

"तुम्ही कधी कुणाला पटकन काही सांगितलंत का हो? मला मागणी घालायलासुद्धा मामंजींना पाठवलंत. तेव्हा ते चालून गेलं. आज स्वतः जा आणि पहिल्या वाक्यातच सांगा. हवापाण्याबद्दल बोलत बसू नका."

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर काचेच्या दारापाशी काकांना अडवलं. नातेवाईक आहात का, असं परिचारिकेनं विचारलं. काका म्हणाले, "नाही. म्हणजे, द्रावणं करतो." ती त्यांच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात आतून धाकटीनंच त्यांना ओळखलं.

"सोडा हो त्यांना. ते थेंबेकाका आहेत. माझ्या बेडकिणींना आंघोळ घालतात."

चौतीस वर्षांची धाकटी उशीला टेकून बसली होती. शाळेत चित्रकला शिकवायची. आता बोटं एवढी सुजली होती की पेन्सिल धरता येत नव्हती. ती बोलता बोलता मधेच थांबे आणि डोळे मोठे करून छातीकडे लक्ष देई, झटका येतो आहे की काय याचा कानोसा घेतल्यासारखी. मग काही झालं नाही की राहिलेलं वाक्य पुरं करी. बाई शेजारी स्टुलावर होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी थोडा रंग दिसत होता.

"काका, तुम्ही कसे काय? बरं झालं आलात. तुमच्यामुळेच तर इथवर पोचलो."

"बाई, जरा बाहेर," एवढंच ते म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी पहिल्या वाक्यात सांगितलं. "बाई, आठ महिने मी सोडियमऐवजी पोटॅशियमची अल्कली घातली."

बाईंना ते कळायला दोन क्षण लागले. त्या हसल्यासुद्धा, ओठांच्या एका कोपऱ्यातून. मग ओठ तसाच राहिला आणि डोळे बदलले.

"सगळ्या द्रावणांत?"

"सगळ्या."

"सात पूर्णांक चारला किती थेंब?"

"नव्वद."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. काकांना कागदावर अर्धा तास लागला होता. बाईंना दहा सेकंदही लागले नाहीत, आणि त्या दहा सेकंदांत चेहऱ्यावरचा तो थोडासा रंग उतरून गेला.

"नक्की? कशावरून?"

काकांनी बरणीचं सांगितलं. ज्योतीचं सांगितलं.

"तीन वेळा बघितलीत? ज्योत?" बाईंचा आवाज चढला. "किती वाजता?"

"दहा वाजता. दहा पाच."

"मी साडेदहापर्यंत तिथं होते, काका. मी पलीकडच्या खोलीत होते!"

जाणारी-येणारी माणसं वळून बघू लागली. काका मान खाली घालून उभे होते. त्यांना वाटलं, बाईंनी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"तेहतीस वर्षं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाची द्रावणं असती तर मी तपासली असती. तुमची आहेत म्हणून..." भिंतीला पाठ टेकून त्या उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाल्या, "कदाचित फरक पडत नसेल. आम्लाचाही परिणाम असेलच ना. थोडा तरी असेल."

"असेल," काका म्हणाले. त्यांनाही तेच हवं होतं.

डॉक्टर उंच आणि थकलेले होते. त्यांनी सगळं उभ्याउभ्याच ऐकलं.

"मॅडम, मला हो किंवा नाही सांगा. 'कदाचित' घेऊन मी सलाईन लावू शकत नाही."

"मला तपासायला वेळ द्या."

"किती?"

"पाच वाजेपर्यंत."

"पाच. त्यानंतर देखरेखीसाठी माझ्याकडे माणूस नाही. आणि पहाटे तिला पुन्हा एक झटका बसला आहे, ते तुम्हाला सांगितलंय ना तिनं?"

तिनं सांगितलं नव्हतं.

दोघं टॅक्सीनं परतले. प्रयोगशाळेत शिरताच काकांनी सोडियमच्या बरणीचं सील फोडलं. वजन करताना तराजूचा आकडा नाचत होता. त्यांनी डावा हात उजव्या मनगटाखाली दिला. नव्वद थेंब सोडायचे होते. आयुष्यात प्रथमच त्यांना ही कामाची पद्धत म्हणजे शिक्षा वाटली. पण घाई करायची त्यांना हिंमत झाली नाही, आणि बाईंनीही करा म्हटलं नाही. त्या शेजारी उभ्या राहून थेंब मोजत होत्या. आधी त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

थंड कपाटातल्या बशीत चार अंडी उरली होती. मोहरीपेक्षा जराशी मोठी, अर्धी काळी आणि अर्धी पिवळसर. बाईंनी पहिलं अंडं सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं आणि दोन्ही बाजूंनी काचेच्या सुया टोचल्या. ते गळकं निघालं, पडद्यावरची रेघ सैरावैरा धावू लागली. दुसरं सुई लागताच फुटलं. तिसरं पाच मिनिटं टिकलं आणि नेमकं द्रावण बदलताना खचलं.

पावणेचार झाले होते.

"हात लावू का?" काकांनी विचारलं. त्यांना सुया लावता येत नव्हत्या. काही तरी म्हणायचं म्हणून ते म्हणाले होते.

"बसा, काका. श्वाससुद्धा टेबलाला लागू देऊ नका."

चौथं अंडं बाईंनी लगेच घेतलं नाही. दोन्ही तळवे मांडीवर पुसले, डोळे मिटले, उघडले. मग एक सुई. मग दुसरी. पडद्यावरची रेघ थरथरली आणि सरळ झाली. सरळच राहिली.

आधी नवं द्रावण, सोडियमचं, पीएच साडेसहा. बाईंनी विजेचा धक्का दिला. रेघ उसळून वर गेली, म्हणजे दारं उघडली. आणि लगोलग घसरत खाली आली. कडी पडली. इथवर अपेक्षेप्रमाणं.

मग नवं द्रावण, सात पूर्णांक चार. पाच मिनिटं ते अंड्यावरून वाहू दिलं. जुन्या आलेखांत या ठिकाणी रेघ वर जाऊन बराच वेळ डोंगराच्या सपाट माथ्यासारखी टिकत असे. ते चित्र डॉक्टरांच्या टेबलावर होतं. बाईंच्या पाकिटात त्याची छोटी प्रत होती.

बाईंनी धक्का दिला. रेघ वर गेली आणि घसरत खाली आली.

बाईंनी पुन्हा दिला. पुन्हा तेच. दोन रेघा एकीवर एक ठेवल्या तेव्हा त्यांच्यात केसभर अंतर होतं. केसभर, त्याहून जास्त नाही.

"आता जुनं," बाई म्हणाल्या. काकांनी त्यांची आठ महिन्यांची चूक भरलेली बाटली नळीला जोडली. पीएच तोच, सात पूर्णांक चार. धक्का. रेघ वर गेली आणि वरच राहिली. सपाट माथा, जसा चित्रात होता तसा.

एकदा तरी ही रेघ लबाडी करील अशी काकांना आशा होती. ती फार प्रामाणिक निघाली. नवं द्रावण परत सोडलं तशी पुन्हा कोसळली.

बाई किती तरी वेळ पडद्याकडे बघत होत्या. अंडं अजून जिवंत होतं, मोजण्यासारखं खूप काही होतं, पण त्यांनी हात हलवला नाही.

"बाई," काका घुटमळत म्हणाले, "मग तिला पोटॅशियमच दिलं तर? जास्त?"

"देतायत, काका. केव्हाचंच देतायत. आहे त्याच्या वर एक थेंब गेला तर हृदय थांबेल. डॉक्टरांचं तेवढंच म्हणणं होतं, ते उतरू द्यायचं नाही. मी त्यांच्याशी भांडले. भांडून परवानगी काढायला लावली." त्या क्षणभर थांबल्या. "तीन वाजता लावणार होते. आतापर्यंत तास-दीड तास सोडा गेला असता अंगात."

त्यांनी फोन उचलला. घड्याळात साडेचार झाले होते. "डॉक्टर, नाही," एवढंच त्या म्हणाल्या. पलीकडून काही विचारलं गेलं असावं. "नाही. माझ्याकडे दुसरं काही नाही."

फोन ठेवून त्या उठल्या, बेसिनपाशी गेल्या, नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या. हात धुवायचे होते की रडणं झाकायचं होतं हे काकांना समजलं नाही. ते आपले दाराच्या चौकटीत उभे.

"मी उद्यापासून येत नाही, बाई," ते म्हणाले. "राजीनामा लिहून देतो."

बाई वळल्या. चेहरा ओला होता आणि त्यावर राग होता, पण तो काकांना हवा होता तसा नव्हता. "तुमच्या राजीनाम्याचं मी काय करू? तिला दाखवू?" आणि मग एकदम खचल्यासारख्या म्हणाल्या, "कागदावर 'सोडियम' हा एक शब्द मी लिहिला नाही. आठ महिने तोच कागद भिंतीवर होता. मी रोज बघत होते. आज सकाळी तुम्ही ते कपाट पुसलं नसतं तर..." त्यांनी नळ बंद केला. "तिला सांगायला जायचं आहे. मला एकटीला जमणार नाही. चला माझ्याबरोबर."

"मी? मी कशाला? मला बघून तिला..."

"चला, काका."

ते परत पोचले तेव्हा धाकटीच्या खाटेजवळची सलाईनची दांडी रिकामी होती. सोड्याची पिशवी शेजारच्या ट्रेमध्ये तशीच पडली होती. डॉक्टर येऊन बोलून गेले होते, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. बाई तिच्या पायाशी बसल्या आणि त्यांनी तिचं सुजलेलं पाऊल हातात घेतलं. "ऐक ना," एवढंच त्या म्हणाल्या.

"राहू दे गं ताई. समजलं मला."

धाकटी काकांकडे वळली. बराच वेळ तिनं त्यांना न्याहाळलं. चित्र काढण्याआधी बघावं तसं, सदऱ्याच्या डागांपासून चपलांपर्यंत.

"डॉक्टर म्हणत होते, आज तुम्ही माझा जीव वाचवलात."

काकांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"कशासाठी, ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. "तुम्हाला माहीत आहे का?"

तेहतीस वर्षं काका प्रश्नाला उत्तर देण्याआधी आकडा स्थिर होण्याची वाट बघत आले होते. आता ते वाट बघत उभे राहिले आणि काहीच स्थिर होईना. खोलीत यंत्राची टिकटिक चालू होती. बाईंनी पाऊल सोडलं नव्हतं.

"नाही," शेवटी काका म्हणाले. "मला नाही माहीत."

धाकटीचे डोळे एकाएकी मोठे झाले. ती छातीकडे कान देऊन निश्चल झाली. बाईंची बोटं तिच्या पावलाभोवती आवळली. काकांनी पुढं होऊन तिचा हात धरला. काय करतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं. तिघंही तसेच थांबले. एक क्षण गेला. आणखी एक गेला.